माजघरातले कपट : हरिभाऊंची यमू आणि तिच्या काळची रहस्यकथा

कादंबरी हा शब्द आज कोणाच्याही घरात बिनदिक्कत उच्चारला जातो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. बायकांनी पोथी ऐकावी, फार तर एखादे स्तोत्र पाठ करावे. पण कादंबरी हाती दिसली की घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडत असे. कादंबरीने मुली बिघडतात, घरकामावरचे लक्ष उडते, उलट उत्तरे देण्याची सवय लागते, असे आक्षेप सर्रास घेतले जात. गंमत अशी की हे आक्षेप अगदीच निराधार नव्हते. कादंबरीने बायकांमध्ये फरक पडला, हे खरेच आहे. मात्र त्या फरकाला बिघडणे म्हणावे की शहाणे होणे म्हणावे, ह्याचा निवाडा करण्याआधी त्या कादंबऱ्यांत होते तरी काय, हे पाहिले पाहिजे.

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या ह्या स्मरणिकेत आपण बहुधा आपल्या कार्याचा आढावा घेतो, पाककृती देतो, थोर स्त्रियांची चरित्रे देतो. ह्या वेळी एका अशा स्त्रीची हकीकत सांगावीशी वाटते, की जी प्रत्यक्षात कधी जन्मलीच नाही. तिचे नाव यमू. हरि नारायण आपटे ह्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ ह्या कादंबरीची ती नायिका. राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीत इंग्लंडात प्रेम, कपट आणि रहस्य ह्यांनी भरलेल्या कादंबऱ्यांची मोठी लाट आली होती. त्या लाटेचे पाणी आपल्या महाराष्ट्रात कसे पोहोचले आणि यमूच्या कथेत त्याचे काय झाले, हा ह्या लेखाचा विषय आहे.

आरंभ थोडा मागून करू. इ. स. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या आरंभी आगगाडी आपल्या शहापूर तालुक्यात कसाऱ्यापर्यंत येऊन पोहोचली. वाशिंदपर्यंत ती १८५५ सालीच आली होती. मुरबाडकडच्या मंडळींना मात्र गाडी धरायची तर कल्याण गाठावे लागे. १८६४ साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले आणि १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. आगगाडी, टपाल, छापखाना आणि वाचनालय अशी ही चार भावंडे. ती एकामागून एक आली नसती, तर कादंबरी पुण्या-मुंबईच्या बाहेर पडली नसती.

‘मुक्तामाला’ आणि तिच्या मागून आलेली नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्या कादंबऱ्यांना अद्भुतरम्य म्हणतात. त्या तऱ्हेच्या कथांत राजवाडे असतात, ताटातूट असते, दुष्टांची कारस्थाने असतात आणि शेवटी सद्गुणाचा विजय ठरलेला असतो. बाबा पदमनजी ह्यांनी १८५७ सालीच ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या खऱ्या दुःखाला हात घातला होता, पण ती वाट पुढे बरीच वर्षे ओस राहिली. वाचकांना हवे होते ते अद्भुत. स्त्रियाही लिहू लागल्या होत्या. साळूबाई तांबवेकर ह्यांचे ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ साली निघाले, तेही ह्याच रमणीय वळणाचे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हा त्यांनी त्या काळच्या कथा-नाटकांतल्या स्त्रीचित्रणाचाही खरमरीत समाचार घेतला. पुस्तकातली बाई आणि घरातली बाई ह्यांचा काही मेळच नाही, ही जाणीव एका स्त्रीनेच अशी स्पष्ट बोलून दाखवावी, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ह्याच सुमारास आमच्या इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या हाती रेनॉल्ड्स पडला. जॉर्ज रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हा लंडनचा लेखक. ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ ही त्याची प्रचंड कथा १८४४ पासून दर आठवड्याला एक पेनी किमतीच्या छोट्या भागांत निघे आणि मजूर, मोलकरणी, दुकानातले नोकर ती वाचण्यासाठी उड्या मारीत. भुयारे, चोरवाटा, बनावट कागद, खानदानी बदमाष आणि संकटात सापडलेल्या सुंदर स्त्रिया ह्यांची त्यात रेलचेल असे. इंग्लंडातल्या विद्वानांनी त्याला साहित्यात जागा दिली नाही. पण हिंदुस्थानात त्याची पुस्तके अमाप खपली. मराठीत पुढे गोविंद नारायण दातार ह्यांनी त्याच्या कथांना देशी पेहराव चढवून ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा कादंबऱ्या लिहिल्या आणि दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली. 

परंतु खुद्द इंग्लंडात तोपर्यंत एक महत्त्वाचा पालट होऊन गेला होता. तो विल्की कॉलिन्स ह्या लेखकाने केला. कॉलिन्सचा जन्म १८२४ चा, मृत्यू १८८९ चा. तो कायद्याचा अभ्यास केलेला, पण वकिली कधी न केलेला गृहस्थ होता. चार्ल्स डिकन्सचा जिवलग स्नेही. डिकन्सच्याच साप्ताहिकात नोव्हेंबर १८५९ पासून ऑगस्ट १८६० पर्यंत त्याची ‘द वूमन इन व्हाइट’, म्हणजे पांढऱ्या वस्त्रातली स्त्री, ही कादंबरी क्रमशः निघाली. तिने इतके वेड लावले की त्या नावाची अत्तरे, झगे, टोप्या आणि नाचाच्या चाली बाजारात आल्या.

कथा थोडक्यात अशी. लॉरा नावाची एक श्रीमंत, पोरकी मुलगी. चित्रकला शिकवायला आलेल्या वॉल्टर हार्टराइट ह्या गरीब तरुणावर तिचे मन जडते. पण वडिलांना दिलेल्या शब्दाखातर ती सर पर्सिव्हल ग्लाइड ह्या वरकरणी सभ्य सरदाराशी लग्न करते. सरदार कर्जात बुडालेला असतो. लॉराचे वीस हजार पौंड तिच्या मृत्यूनंतर त्याला मिळणार असतात. लॉराशी विलक्षण साम्य असलेली, पांढरी वस्त्रे नेसणारी एक दुर्दैवी मुलगी वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेली असते. पर्सिव्हल आणि त्याचा मित्र काउंट फॉस्को हे दोघे मिळून बेत रचतात. ती मुलगी मरण पावते, तेव्हा तिला लॉरा म्हणून पुरले जाते, आणि जिवंत लॉराला त्या मुलीच्या नावाने इस्पितळात कोंडले जाते. मी लॉरा आहे, असे ती सांगत राहते. पण वेडीचे बोलणे कोण ऐकणार? तिची सावत्र बहीण मेरियन तिला तेथून सोडवते, आणि वॉल्टर तारखांचा मेळ घालून घालून तिचे नाव तिला परत मिळवून देतो.

ह्या कथेत भुयार नाही, भूत नाही, दरोडेखोर नाही. सगळे कपट घडते ते चांगल्या घरात, जेवणाच्या मेजावर, गोड बोलून. हाच तो पालट. पूर्वीच्या रहस्यकथेत धोका घराबाहेर असे आणि घर म्हणजे आसरा असे. कॉलिन्सने दाखवले की कायद्याने ज्याच्या हाती बाईचे सर्वस्व दिले आहे, त्याच्याच मनात खोट असेल तर घर हाच तुरुंग होतो. आणि हे निव्वळ कल्पनेतले नव्हते. फ्रान्समधल्या एका खानदानी बाईला तिच्याच आप्तांनी संपत्तीसाठी खोट्या नावाने कोंडून ठेवल्याचा खटला कॉलिन्सने एका जुन्या ग्रंथात वाचला होता. इंग्लंडात त्या काळी विवाहित स्त्रीला, वेगळी कायदेशीर तजवीज करून ठेवलेली नसेल तर, स्वतःच्या मालकीचे असे फारसे काहीच उरत नसे. १८७० आणि विशेषतः १८८२ च्या कायद्यांनी तिला आपली मिळकत आपल्या नावावर ठेवण्याचा हक्क मिळाला.

त्या कादंबरीतला एक प्रसंग आपण सर्वजणींनी मनात कोरून ठेवावा असा आहे. नवरा एक घडी घातलेला कागद लॉरासमोर ठेवतो. सहीपुरती जागा तेवढी उघडी असते. तो म्हणतो, सही कर. ती विचारते, ह्यात काय लिहिले आहे? तो चिडतो, बायकोने नवऱ्यावर विश्वास ठेवावा, असे म्हणतो. ती सही करीत नाही. एवढी साधी गोष्ट, पण तिच्या साऱ्या आयुष्यातला तोच तिचा सर्वांत शहाणा क्षण होय. आपल्या शहापूर-मुरबाडकडे ज्या घरांत सावकाराच्या खतावर न वाचता अंगठे उठले आणि पिढीजात जमिनी गेल्या, त्या घरांना घडी घातलेला कागद म्हणजे काय हे सांगण्यासाठी लंडनच्या लेखकाची गरज नाही. 

आता हरिभाऊंकडे वळू. हरि नारायण आपटे ह्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. शिक्षण आधी मुंबईत आणि मग पुण्यात झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये असताना विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर ह्या तेजस्वी मंडळींचा सहवास त्यांना लाभला. १८८२ साली चिपळूणकर वारले, तेव्हा ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ ही कविता लिहिली. कॉलेजात गेल्यावर वाचन अफाट, पण गणिताशी वाकडे. त्यामुळे पदवी काही पदरात पडली नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे ह्यांनी संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनासाठी आनंदाश्रम ही संस्था काढली होती. तिचा कारभार हरिभाऊंनी पुढे जन्मभर पाहिला. पुणे नगरपालिकेचेही त्यांनी पुष्कळ काम केले. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ३ मार्च १९१९ रोजी ते निवर्तले.

ह्या लेखकाने लेखणी प्रथम उचलली ती रेनॉल्ड्सचाच हात धरून. १८८५ साली ‘पुणे वैभव’ पत्रात त्यांची ‘मधली स्थिती’ क्रमशः येऊ लागली. तिचा सांगाडा रेनॉल्ड्सच्या लंडनरहस्यावरून घेतलेला होता. परंतु हरिभाऊंनी लंडनच्या जागी पुणे ठेवले, आणि अर्धवट इंग्रजी शिकलेल्या, जुने सोडलेल्या व नवे न पचलेल्या पांढरपेशा समाजाचे चित्र काढले. म्हणजे रहस्यकथेचा साचा हाती घेऊन तिच्यात आपल्या शेजाऱ्याचे घर बसवण्याचा त्यांचा हा पहिला प्रयत्न.

१८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ते सुमारे सत्तावीस वर्षे चालवले. नाव करमणूक, हेतू असा की हसत-खेळत वाचता वाचता घरातल्या माणसांना, त्यांतही बायका-मुलांना, चार शहाणपणाच्या गोष्टी कळाव्यात. राजकारणाचे वाद त्यांनी त्यापासून दूर ठेवले. ह्याच पत्रातून १८९० ते १८९३ ह्या काळात ‘पण लक्षात कोण घेतो?’ प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला थोडा भाग यायचा आणि पुढे काय होणार ह्या हुरहुरीत वाचकाने आठ दिवस काढायचे. क्रमशः कथेची ही युक्ती विलायतेतलीच. पण ती वापरली गेली ती एका मराठी मुलीच्या जन्मकथेसाठी.

यमू आपली कथा आपणच सांगते. लहानपणीचे खेळ, प्रेमळ आई, करडे वडील, जिवाभावाचा दादा, आणि दुर्गी ही मैत्रीण, हे सारे तिच्याच तोंडून आपण ऐकतो. लग्न लहान वयातच होते. आई जाते, आणि घरात सावत्र आई येते. सासर मोठे, कर्मठ, माणसांनी भरलेले. पण नवरा रघुनाथराव हा नव्या विचारांचा आणि मनाने थोर. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो. दोघांचा मुंबईचा संसार हा कादंबरीतला सुखाचा भाग होय. नवरा-बायको मोकळेपणाने बोलतात, वाचतात, चर्चा करतात; एवढ्या साध्या गोष्टीत केवढे सुख आहे, हे त्या काळच्या वाचकांना प्रथमच कोणी सांगितले असेल. दुर्गीच्या वाट्याला मात्र उनाड नवरा आलेला असतो. दोन मैत्रिणींची दोन नशिबे लेखक शेजारी शेजारी ठेवतो, आणि दोघींपैकी एकीलाही आपले नशीब निवडता आले नव्हते, हे न बोलता सांगतो.

पुढे रघुनाथराव अकाली मरण पावतो, आणि कथेला तो वेळपर्यंत सावलीसारखा असलेला माणूस पुढे सरसावतो. सासरचे शंकरमामंजी. बाहेरून सोवळे-ओवळे, धर्माचा अभिमान, जुन्या चालीरीतींचा कैवार; आतून स्वार्थी, दुर्वर्तनी आणि क्रूर. यमूच्या मनाविरुद्ध, आप्तांच्या विरोधाला न जुमानता, कपटाने आणि बळाने तिचे केशवपन होते, त्याच्या मुळाशी हेच गृहस्थ. त्यानंतर यमू फार काळ जगत नाही.

कॉलिन्सच्या कादंबरीशी ह्याची तुलना करून पाहावी. हे साम्य उसनवारीचे म्हणून मी सांगत नाही; दोन वेगळ्या देशांतल्या दोन लेखकांना एकाच काळात एकच गोष्ट दिसली, म्हणून सांगते. तिकडे लॉराचे नाव हिरावले जाते, इकडे यमूचे रूप. तिकडे तिला वेडी ठरवून कोंडतात, इकडे अपशकुनी ठरवून कोपऱ्यात बसवतात. दोन्ही ठिकाणी दुष्टाच्या हाती सुरा नसतो. तिकडे कायदा असतो, इकडे रूढी असते. आणि दोन्हींचा आव तिच्याच हिताचा असतो. मी हे तुझ्या भल्यासाठी करतो, असे म्हणणारा खलनायक हा भुयारातल्या खलनायकापेक्षा ओळखायला फार कठीण.

म्हणूनच ह्या कादंबरीतले रहस्य हे कोणी केले ह्याचे नाही. शंकरमामंजी कसा आहे हे वाचकाला पुष्कळ आधीच कळलेले असते. रहस्य असे की, घरातल्या इतक्या माणसांना ते कधी कळणार? आणि कळले तरी कोणी मध्ये पडणार का? वाचक पानामागून पान उलटतो तो ह्या आशेने. कादंबरीचे नाव हाच प्रश्न विचारते. पण लक्षात कोण घेतो?

दुसरी मोठी गोष्ट अशी की कथा सांगणारी स्वतः यमू आहे. लिहिणारा पुरुष होता हे खरे. परंतु त्याने आपला आवाज बाजूला ठेवून स्त्रीचा आवाज पुढे केला. हरिभाऊंच्या स्नेहमंडळात काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) होत्या. नऊ वर्षांच्या वयात लग्न होऊन आलेल्या काशीबाई सासरी लपतछपत लिहा-वाचायला शिकल्या, पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांचे चरित्र लिहिले, आणि ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ साली ग्रंथरूपाने दिली. अशा स्त्रीची ओळख ज्याला आहे, त्याला बाईच्या मनात काय चालते हे केवळ तर्काने लिहावे लागत नाही. यमूच्या मागून खऱ्याखुऱ्या स्त्रियांनीही आपल्या कथा आपण सांगायला आरंभ केला. रमाबाई रानडे ह्यांच्या आठवणी १९१० साली आल्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून, आणि आनंदीबाई कर्वे ह्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. ह्या साऱ्या जणी यमूमुळेच लिहू लागल्या असे कोणी म्हणणार नाही. पण बाईची हकीकत ऐकून घ्यायची सवय वाचकांना लागली होती, आणि त्या सवयीत यमूचा वाटा नक्कीच आहे.

त्या चार-सहा वर्षांत महाराष्ट्रात काय काय चालले होते, हे एकत्र पाहिले म्हणजे कादंबरीचे मोल अधिक कळते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण तो बहुतांशी कागदावर होता. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले. गोदूबाई ही बालविधवा त्याच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिक बांधवांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निश्चय केला. ज्यांची त्यावर रोजी होती त्यांनीच हा निश्चय करावा, ही मोठी गोष्ट होय. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुण्यात रणे माजली. १८९३ साली, यमूची कथा संपत आली त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे ह्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. सभा, कायदा, आश्रम आणि कादंबरी अशी ही चहूबाजूंनी चाललेली खटपट होती. सभेला बायका जाऊ शकत नव्हत्या आणि कायदा त्यांना कोणी समजावून देत नव्हते. कादंबरी मात्र माजघरापर्यंत पोहोचू शकत होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. यमूचे दुःख हे मुख्यत्वे ब्राह्मण आणि त्यांच्या चालीने वागणाऱ्या पांढरपेशा घरांतले. आपल्या शहापूर-मुरबाडच्या कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी घरांत केशवपनाची चाल नव्हती आणि विधवेचा पाट लावण्याची रीत होती. त्या कष्टकरी बायकांची कथा हरिभाऊंनी सांगितली नाही. भाताच्या खाचरात राबणारी, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाजाराला चालत जाणारी आपली पणजी ‘करमणूक’च्या पानांत सापडायची नाही. पण म्हणून ही कथा आपली नव्हे, असे मानण्याचे कारण नाही. कुंकू, बांगडी आणि मंगळसूत्र गेल्यानंतर बाईचा मान कमी करणारी नजर पांढरपेशा घरांपुरती कधीच नव्हती. वस्तरा काही घरांत आला. ती नजर सगळ्यांच घरांत होती.

हरिभाऊंवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. यमूला त्यांनी मारले का? तिचा पुनर्विवाह लावून का दिला नाही? तिला शारदासदनासारख्या संस्थेत का पाठवले नाही? कॉलिन्स आपल्या लॉराला शेवटी तिचे नाव, घर आणि प्रिय माणूस परत देतो. हरिभाऊ काहीच परत देत नाहीत. मला वाटते, ह्याचे उत्तर कथेच्या नावातच आहे. शेवट गोड केला असता तर वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकून पुस्तक मिटले असते. शेवट कडू राहिला, म्हणून तो वाचकाच्या मनात राहिला. पुस्तकात जे झाले नाही ते पुस्तकाबाहेर व्हावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. आणि काही अंशी ती पुरीही झाली.

काही अंशी असे म्हणण्याला कारण आहे. कायद्याच्या बाजूने पाहिले तर वाट बरीच चालून झाली. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क मिळाला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती आपल्या मिळकतीची पूर्ण मालकीण झाली. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावयाचे आहे. पण हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी बहिणीला माहेरी बोलावले जाते, साडीचोळी केली जाते, आणि घडी घातलेला कागद पुढे येतो, हेही आपण सर्वजणी जाणतो. बहिणीने भावाला हिस्सा द्यावा की न द्यावा हा तिचा प्रश्न. पण कागद उलगडून, वाचून, समजून घेतल्यावाचून तिने हात लावू नये, एवढे लॉराकडून शिकण्यासारखे आहे.

आणि रूढीचे काय? २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की गावात नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार बंद करावेत. राज्य शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. यमूची कथा संपल्याला तेव्हा एकशे एकोणतीस वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांनंतरही असा ठराव करावा लागावा, ह्याचे दुःख मानावे की एका गावाने तो केला ह्याचा आनंद मानावा, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही वाटते.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आहे. मुरबाडहून वैशाखऱ्याच्या वाटेने तो घाट चढता येतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात तिच्या घराण्याने केलेले यज्ञ आणि दाने मोजून मांडलेली आहेत. नवऱ्यामागे राहिलेली ती राणी कोपऱ्यात बसली नाही. तिच्या कारकिर्दीची नोंद दगडावर राहिली. म्हणजे विधवेने आपले तोंड दाखवू नये हा काही अनादि काळापासूनचा नियम नव्हे. तो मधेच कोणीतरी घातला, आणि मधेच घातलेला नियम काढून टाकताही येतो.

आपल्या मंडळापुरते बोलायचे तर, ह्या कामाला ना सरकारी हुकूम लागतो ना वर्गणी. संक्रांतीचे हळदीकुंकू जवळ येते. निमंत्रणाची यादी आपणच करतो. कोणाचे नाव त्यात घालायचे आणि कोणाचे राहून जाते, हेही आपल्याच हाती असते. शेजारची एखादी भगिनी त्या दिवशी दार लोटून घरात बसते, ती आपण होऊन बसते की आपण तिला बसवतो, ह्याचा विचार यंदा यादी करताना व्हावा. तिला तिळगूळ घरी नेऊन देणे निराळे आणि सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसवून, कुंकवाची कोयरी तिच्यापुढे धरून, लावायचे की नाही हे तिचे तिला ठरवू देणे निराळे.

हरिभाऊंनी नुसता प्रश्न विचारून ठेवला. त्याचे उत्तर पुण्यातल्या विद्वानांनी द्यावे असे काही नाही. ते शहापुरात, मुरबाडात, आपल्या आळीतही देता येते.